आठ मशीनचे कोटेशन: सांगलीतल्या एका अडत दुकानाचे प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळद आणि बेदाण्याचे एक अडत दुकान. कॉम्प्युटर नऊ. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत हे कळल्यावर मालकांनी विक्रेत्याकडून भाव मागवला. कोटेशनवर आठ नवीन मशीन होती. नववा, म्हणजे मालकांचा अकराव्या पिढीच्या आय५ चा लॅपटॉप, आधीच विंडोज ११ वर असल्याने सुटला. कारण एका ओळीत होते: बाकी सर्व मशीन विंडोज ११ ला अपात्र.

ही ओळ खोटी म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक ज्या ज्या मशीनवर चालवले, तिथे 'चालणार नाही' असाच निकाल आला. पण त्या एका निकालाखाली पाच वेगवेगळी दुखणी होती. एकाचे औषध बायोसमधले (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधले) काही पर्याय आणि डिस्कची मांडणी बदलणे, एकाचे वापरलेला प्रोसेसर, आणि दोन-तीन मशीनना विंडोज ११ ची मुळात गरजच नव्हती.

वेळेचेही गणित होते. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे 'झिरो पेमेंट'साठी थांबतात आणि सगळी येणी-देणी पुरी केली जातात. गोदाम शांत असते, दिवाणजी मात्र त्याच दिवसांत मान वर करत नाहीत. त्यामुळे गोदामातली मशीन आधी आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे मशीन सर्वांत शेवटी, असा क्रम ठरला. हळदीचे नवे सौदे जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात, त्याआधी सगळे आटोपायचे होते.

यादी

प्रत्येक मशीनवर चार गोष्टी पाहून वहीत लिहिल्या. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव, तिथेच 'बायोस मोड'पुढे लेगसी (मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी), टीपीएमच्या, म्हणजे सुरक्षा-चिपच्या, खिडकीत 'स्पेसिफिकेशन व्हर्जन', आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क एमबीआर (जुनी मांडणी) आहे की जीपीटी (नवी). पाचवा प्रश्न दिवाणजींना विचारला: या मशीनवर नक्की कोणते काम चालते, आणि त्याला इंटरनेट लागते का? पुढचे निम्मे निर्णय या पाचव्या उत्तरावरच झाले.

विंडोज ११ ची छापील अट अशी: ६४-बिट, किमान दोन कोअरचा १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) जमणारे यूईएफआय, टीपीएम २.० आणि डायरेक्टएक्स १२ चालवणारे ग्राफिक्स. रॅम आणि जागा विकत मिळते. टीपीएम आणि यूईएफआय बऱ्याचदा मशीनमध्ये असतात, फक्त बंद असतात. न हलणारी अट म्हणजे मान्य प्रोसेसरांची यादी. इंटेलमध्ये ती मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. आय३-८१०० मधला डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी, आय५-६५०० म्हणजे सहावी.

वहीत आलेली मशीन: कोअर टू ड्युओ ई७५०० ची दोन, आय३-२१२० ची दोन, आय५-६५०० ची दोन, आय३-८१०० चे एक, एएमडीच्या रायझन ३ २२००जी चे एक. आणि तो लॅपटॉप.

दोन कोअर टू ड्युओ

यांच्याबद्दल वाद नव्हता. 'इंटरनेटवर युक्ती आहे, सेटअपची तपासणी चुकवता येते,' असे दुकानातल्या एका मुलाने सुचवले. ती युक्ती जुन्या आवृत्त्यांपुरती खरी. २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये 'पॉपकाउंट' आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात. इंटेलने त्या २००८ च्या नेहालेम घराण्यापासून दिल्या, कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत. इथे तपासणी चुकवून काहीच हाती लागत नाही, कारण सिस्टिम सुरूच होत नाही. तिच्या आधीच्या २३एच२ ची होम आणि प्रोसाठीची मुदत ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली. म्हणजे जुनी आवृत्ती बसवून मिळाला असता तो महिनाभर.

पहिल्या मशीनवर ३२-बिट विंडोज ७ आणि डॉसच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबपट्टीचा प्रोग्राम होता. एलपीटी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रिंटर पोर्टला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, छापील पट्टीवर कार्बनसह तीन प्रती. हा प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर उघडतच नाही, कारण डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालवणारा भाग ६४-बिट विंडोजमध्ये ठेवलेलाच नाही. विंडोज ११ तर ३२-बिटमध्ये येतच नाही. म्हणजे या मशीनच्या जागी कोटेशनमधले नवे मशीन मांडले असते, तर पहिल्याच दिवशी शेतकऱ्याला पट्टी देता आली नसती. विक्रेत्याने पाचवा प्रश्न न विचारल्याचा हा परिणाम.

व्हीडॉस हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम लॅपटॉपवर टाकून चाचणी घेतली. पट्टीचा प्रोग्राम उघडला, डीबीएफ फायली, म्हणजे त्याचा डेटा, वाचल्या गेल्या. अडले छपाईत. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर मजकूर चित्रासारखा छापतो. त्यामुळे वेग मरतो आणि छापील रकान्यांशी ओळी जुळत नाहीत. 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर घेतल्यावर ओळी जुळल्या, पण रुंद-अरुंद अक्षरांचे कोड नीट बसवायला दोन-तीन दिवस शांतपणे हवे होते. ऐन हंगामाच्या तोंडावर हे करू नये असे ठरले. मशीन आहे तसे राहिले. नेटवर्कची वायर काढली, बायोसमधून लॅन पोर्ट बंद केला. रोज संध्याकाळी डीबीएफ फायलींची प्रत एका पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कामाला वापरायचा नाही. फायली लिबरऑफिस कॅल्कमध्ये थेट उघडतात, त्यामुळे मशीन मेले तरी हिशेब वाचता येतो. प्रोग्राम बदलण्याची तारीख १ एप्रिल २०२६ धरली, म्हणजे नवे आर्थिक वर्ष नव्या वहीत.

दुसऱ्या कोअर टू ड्युओचे काम एकच होते: गोदामातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचे वजन सिरियल पोर्टवरून उचलणे. बोर्ड जी३१ चा, डीडीआर२ रॅमच्या दोन खाचा, कमाल ४ जीबी. त्यावर एक रुपयाही घालणे व्यर्थ होते. ते निवृत्त केले आणि त्याचे काम शेजारच्या टेबलावरच्या रायझनकडे दिले.

रायझन आणि काटा

या मशीनवर मालकांचा सर्वांत जास्त विश्वास होता, कारण 'रायझन २००० पासून पुढचे सगळे चालतात' असे त्यांना सांगण्यात आले होते. नावावर जाऊ नये ते इथे. २२००जी हा नावाने दोन हजारातला, पण आतून पहिल्या झेन रचनेचा आणि म्हणून यादीबाहेरचा. ३२००जी झेन प्लसचा आहे आणि यादीत आहे. दोन्हींचा सॉकेट एएम४. म्हणजे फक्त प्रोसेसर बदलायचा होता.

क्रम असा ठेवला. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्डाचा बायोस नव्या आवृत्तीवर नेला. आधीचा बायोस ३२००जी ओळखेलच असे नसते, आणि तो ओळखला नाही तर मशीन सुरूच होत नाही, मग बायोस बदलणार कसा? बायोस लिहिताना मशीन यूपीएसवर. नंतर दहा मिनिटे मशीन चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट कोमट होऊ दिली आणि कूलर सरळ न ओढता हलके पिळत काढला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या अंगाला असतात. वाळलेल्या पेस्टसकट कूलर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हाती येतो आणि पिना वाकतात.

कूलरच्या पंखाखाली हळदीच्या पुडीचा घट्ट पिवळा थर होता. ही पूड बारीक आणि किंचित तेलकट असते, नुसत्या ब्रशने निघत नाही. बाहेर अंगणात ब्लोअर मारला, पंखा बोटाने धरून ठेवला. मोकळा सोडला तर तो हवेच्या झोताने नको तितका फिरतो आणि बेअरिंग जाते. हे मशीन उन्हाळ्यात 'आपोआप बंद पडते' अशी तक्रार होती, तिचे मूळ बहुधा हेच.

नवा प्रोसेसर बसवून चालू केल्यावर काळ्या पडद्यावर एफटीपीएमची, म्हणजे प्रोसेसरमधल्या टीपीएमची, माहिती बदलल्याची सूचना येऊन वाय किंवा एन विचारले गेले. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कचे कुलूप, चालू नसल्याने वाय दाबून पुढे जाता आले. बिटलॉकर चालू असता तर तो आधी थांबवून रिकव्हरी की कागदावर लिहून घेणे भाग होते, नाहीतर डिस्कला कायमचे कुलूप. लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेले राहते, त्यामुळे ॲक्टिव्हेशनला त्रास झाला नाही. हेल्थ चेक हिरवा झाला.

मग काटा. रायझनच्या बोर्डाला सिरियल पोर्ट नव्हता, म्हणून यूएसबी-सिरियल वायर आणली. बाजारातल्या दोनशे-अडीचशेच्या वायरीने दगा दिला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे त्रिकोणी चिन्ह, आणि नावाच्या जागी हा पीएल२३०३एचएक्सए चिप २०१२ पासून बंद झाल्याचा मजकूर. वायर नवी कोरी होती, आतली चिप जुन्या रचनेची किंवा तिची नक्कल. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर अशा चिपला चालूच देत नाही. जुना ड्रायव्हर हुडकून बसवता येतो, पण एखादे अपडेट येऊन तो पुन्हा नवा करते आणि ऐन वजनाच्या वेळी काटा बंद पडतो. एफटीडीआय चिपची वायर घेतली, महाग पडली, पण प्रश्न मिटला. सीएच३४० चिपचीही चालते.

वायर लागली तरी वजन येईना. काट्याचा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मधला. तो ३२-बिट असल्याने विंडोज ११ वर उघडतो, पण त्यात पोर्टचा क्रमांक कॉम१ पक्का लिहिलेला होता आणि वायरीला कॉम५ मिळाला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथे क्रमांक कॉम१ केला. बॉड रेट (पोर्टचा वेग) काट्याच्या इंडिकेटरवर असलेलाच ठेवला. वायर नेहमी त्याच यूएसबी खाचेत राहावी म्हणून खाचेला रंगाची खूण केली. काही वायरी खाच बदलली की नवा कॉम क्रमांक घेतात.

दोन आय३-२१२०

हा २०११ चा प्रोसेसर. एच६१ बोर्ड, टीपीएम नाही, आणि आतल्या ग्राफिक्सला डायरेक्टएक्स १२ जमत नाही. विंडोज ११ चा रस्ता बंद. काम मात्र हलके: एकावर पत्रे, नोटिसा आणि ई-मेल, दुसऱ्यावर बाजारभाव आणि व्हॉट्सॲप वेब. टॅली दोन्हींवर नाही. इथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवायचे ठरले. ती उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

आधी पेनड्राइव्हवरून मिंट नुसते चालवून पाहिले, हार्ड डिस्कला हात न लावता. आवाज, नेटवर्क, प्रिंटर आणि मराठी टायपिंग या चार गोष्टी तिथेच तपासल्या. प्रिंटरने वेळीच इशारा दिला. पत्रांच्या मशीनला कॅननचा एलबीपी२९०० जोडलेला होता. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर म्हणजे डोकेदुखी. एका आय५ ला एचपीचा लेझरजेट १०२० होता. दोन्हींची अदलाबदल केली. १०२० ला दर वेळी चालू केल्यावर मशीनकडून फर्मवेअर घ्यावे लागते, म्हणून लिनक्समध्ये एचपीलिप या ड्रायव्हरसोबत एचपीचे प्लगइनही बसवावे लागते. ते विसरले की प्रिंटर यादीत दिसतो, कागद मात्र बाहेर येत नाही.

पत्रांचा खरा अडथळा फॉन्टचा होता. दहा-बारा वर्षांची पत्रे युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. विंडोज पुसण्याआधी कामाची सगळी पत्रे तिथेच पीडीएफ करून घेतली आणि वारंवार लागणारे सात नमुने युनिकोडमध्ये नव्याने टाइप केले. मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तयारच असतो. टाइपरायटरच्या पद्धतीची सवय असलेल्या कारकुनांना पहिला आठवडा जड गेला, हेही लिहून ठेवायला हवे.

भाग दोनच बदलले. २५६ जीबीची साटा एसएसडी आणि ८ जीबी डीडीआर३ रॅम, प्रत्येकी एक. एच६१ वरचे साटा पोर्ट जुन्या, ३ गिगाबिटच्या वेगाचे असतात, पण हार्ड डिस्कच्या मानाने फरक एवढा मोठा की त्याचे वाईट वाटू नये. एसएसडी लावण्याआधी बायोसमध्ये साटाचा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवरून एएचसीआय या नव्या पद्धतीवर नेला. इथे नवे इन्स्टॉलेशन होते म्हणून बिनधास्त बदलता आला. चालू विंडोज असताना हाच बदल केला तर निळा पडदा येतो. रॅममध्ये एक फसवणूक टळली: बाजारात ८ जीबीची स्वस्त डीडीआर३ पट्टी मिळते, ती फक्त एएमडीच्या बोर्डावर चालते. वेष्टनावर ते बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. इंटेलच्या बोर्डावर ती लावली तर पडदा काळाच राहतो आणि संशय बोर्डावर जातो.

दोन आय५-६५००

हे प्रकरणातले सर्वांत चिडवणारे दुखणे. टीपीएम २.० आहे, यूईएफआय आहे, सिक्युअर बूट चालू, ग्राफिक्स पुरेसे. एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकल्यावर यांचा वेग दुकानाच्या कामाला पुरून उरतो. नापास झाली ती फक्त यादीत नाव नाही म्हणून.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, एक नोंद करून अशा मशीनवर विंडोज ११ बसवता येते आणि बसवल्यावर ते नीट चालतेही. तरीही इथे तो मार्ग घेतला नाही. अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, दर वर्षीची मोठी आवृत्ती हाताने चढवावी लागते, आणि ती कधी नाकारली जाईल हे आधी कळत नाही. घरच्या मशीनवर हा जुगार खेळावा. ही दोन मशीन टॅलीची क्लायंट, म्हणजे मुख्य मशीनवरचा टॅलीचा डेटा नेटवर्कवरून वापरणारी, बँकेचे व्यवहार यांच्यावरच होतात.

त्यामुळे वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू. घरगुती ग्राहकांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे: ३० डॉलर, किंवा सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवला तर मोफत. दुकानाची मशीन तीत नोंदली गेली असती, कोणी अडवले नसते. पण ती योजना घरगुती वापरासाठी आहे. संस्थांसाठीचा दर पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट: १२२, मग २४४. तीन वर्षांचे ४२७ डॉलर, म्हणजे डॉलरला तेव्हाच्या ८८ रुपयांच्या हिशेबाने साडेसदतीस हजारांवर. तेवढ्यात नवे मशीन येते. म्हणून एकच वर्ष घ्यायचे ठरले, दोन मशीनचे मिळून कर सोडून पावणेअकरा हजारांच्या आसपास.

ईएसयूला विंडोज १० ची २२एच२ आवृत्तीच लागते. दोनपैकी एक मशीन २१एच२ वर अडकलेले निघाले. असेंबल करणाऱ्याने सी ड्राइव्ह ६० जीबीचा ठेवला होता आणि तो व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटो-पीडीएफनी गच्च भरला होता, त्यामुळे अपडेट दोन वर्षे नापास होत होते आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. आधी जागा मोकळी केली, मग २२एच२, मग ईएसयूची की.

जाता जाता: १४ ऑक्टोबरलाच ऑफिस २०१६ आणि २०१९ चीही मुदत संपली. आठ मशीनच्या कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखच नव्हता.

आय३-८१००: टॅलीचे मशीन

आठव्या पिढीचे हे मशीन मुळातच पात्र होते. ते नापास झाले कारण असेंबल करताना विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर डिस्कवर बसवले होते आणि इंटेलचा पीटीटी, म्हणजे प्रोसेसर-चिपसेटमधला टीपीएम, बायोसमध्ये बंद होता. पीटीटी चालू करणे एका मिनिटाचे काम. लेगसीवरून यूईएफआयवर जाण्यासाठी मात्र आधी डिस्क जीपीटी करावी लागते. नुसता सीएसएम, म्हणजे लेगसी पद्धतीने मशीन सुरू करू देणारा बायोसमधला पर्याय, बंद केला तर विंडोज सापडतच नाही.

विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी हे साधन असते, ते डेटा न पुसता डिस्क बदलते. आधी त्याची 'व्हॅलिडेट' चाचणी चालवली. ती नापास. आपल्याकडे असेंबल केलेल्या बहुतेक मशीनवर ती नापास होईल, कारण सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह पाडायची पद्धत. त्यातले डी, ई, एफ हे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटातले लॉजिकल ड्राइव्ह असतात. या साधनाला लॉजिकल ड्राइव्ह अजिबात चालत नाहीत, आणि प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन चालतात.

जुन्या डिस्कवर कापाकापी करण्याऐवजी ५०० जीबीची एसएसडी घेतली आणि तिच्यावर फक्त सिस्टिम रिझर्व्ह्ड आणि सी ही दोनच पार्टिशन क्लोन केली. जुनी हार्ड डिस्क लगेच सोडवून बाजूला ठेवली. दोन्ही डिस्क एकदम जोडलेल्या राहिल्या तर सारख्या ओळखक्रमांकामुळे विंडोज एकीला ऑफलाइन करते, किंवा नकळत जुन्याच डिस्कवरून सुरू होते. एसएसडीवरून मशीन सुरू झाल्यावर पुन्हा व्हॅलिडेट. या वेळी पास. मग प्रत्यक्ष बदल, मशीन बंद, बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. मशीनमध्ये जुने वेगळे ग्राफिक्स कार्ड असते तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहण्याचा धोका होता. इथे प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स होते.

उरलेल्या जागेत डी ड्राइव्ह पाडला आणि टॅलीचा डेटा त्याच जुन्या वाटेवर ठेवला. ती वाट बदलली असती तर टॅली उघडल्यावर एकही कंपनी दिसली नसती आणि दिवाणजींचा जीव टांगणीला लागला असता. जुनी डिस्क न पुसता वरच्या मजल्यावरच्या कपाटात गेली. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत बॅकअप तळमजल्यावर ठेवा असे कोणी म्हणणार नाही.

विंडोज ११ वर चढवल्यावर दोन गोष्टी बिघडल्या. पहिली लगेच. क्लायंट मशीनवरून टॅलीचे शेअर केलेले फोल्डर उघडेना. ते आजवर 'एव्हरीवन'ला, बिनपासवर्डचे खुले होते. विंडोज ११ प्रो २४एच२ पासून ओळख न देता, पाहुण्यासारखा असा प्रवेश बंद आहे आणि नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला डिजिटल सही लागते. पाहुण्याला सही करता येत नाही. सही बंद करायचा उपाय इंटरनेटवर सर्रास सांगितला जातो, तो घेतला नाही. टॅलीच्या मशीनवर एक साधे युजर खाते पासवर्डसह काढले, फोल्डरचा हक्क फक्त त्याला दिला, आणि दोन्ही आय५ व लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ते एकदा भरले.

दुसरी आठ दिवसांनी. सकाळी मशीन चालू केले तर 'बूट डिव्हाइस नाही'. सगळ्यांना वाटले एसएसडी गेली. बायोस उघडल्यावर घड्याळ २०१८ दाखवत होते. बायोसचा सेल, सीआर२०३२, मीटरवर २.४ व्होल्ट भरला. नवा ३ च्या वर असतो. दुकान बंद करताना मेन स्विच पाडण्याची पद्धत आहे, त्यामुळे रात्रभर सगळा भार सेलवर. सेल संपला, बायोस मूळ सेटिंगवर गेला, सीएसएम पुन्हा चालू झाला, पीटीटी बंद झाला. मशीन लेगसी पद्धतीने विंडोज शोधायला लागले आणि डिस्क आता जीपीटी. पूर्वीही हा सेल अधूनमधून दगा देत असणार. तेव्हा फक्त तारीख चुकायची, मशीन सुरू व्हायचे. नव्या सिस्टिमने ते दुखणे उघडे पाडले. चाळीस रुपयांचा सेल, दोन सेटिंग पुन्हा, दहा मिनिटे. त्याच दिवशी दुकानातल्या सगळ्या डेस्कटॉपचे सेल बदलले.

या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खाते नव्हते, जुन्या लोकल खात्यावरूनच अपग्रेड झाले, म्हणून डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झाले नव्हते. ते चालू असते तर पीटीटी बंद होताच रिकव्हरी की मागितली गेली असती. नव्याने विंडोज ११ बसवून मायक्रोसॉफ्ट खाते जोडणाऱ्यांनी आधी ती की कागदावर उतरवावी.

हिशेब आणि उरलेले

चार लहान आणि एक मोठी एसएसडी, चार मशीनची रॅम, वापरलेला ३२००जी, एफटीडीआय वायर, सेल आणि ईएसयू मिळून मजुरी सोडून पस्तीस हजारांच्या आसपास गेले, कोटेशनमधल्या एका मशीनपेक्षा थोडे जास्त. रॅम ऑक्टोबरमध्येच घेतली हे बरे झाले, वर्षअखेरीस तिचे भाव झपाट्याने चढले. निवृत्त कोअर टू ड्युओची हार्ड डिस्क काढून ठेवली आणि बाकी सांगाडा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे दिला. भंगाराच्या गाड्यावर डिस्कसकट मशीन देणे म्हणजे शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक वाटणे.

सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होत जातात. विंडोज अपडेटमधून नवी येतात, तरी आय३-८१०० आणि रायझनच्या बोर्डांना नवा बायोस निघाला आहे का, हे मे महिन्यात पाहायचे वहीत टाकले आहे.

आणि आय५ च्या जोडीचे. त्यांचे ईएसयू १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे झिरो पेमेंटच्या मोकळ्या दिवसांवर विसंबले तर बँकेची दोन्ही मशीन ऐन देण्या-घेण्यात उघडी पडतील. त्यांच्या जागच्या मशीनची खरेदी ऑगस्टमध्ये, पावसात, बाजार थंड असताना करायची ठरली आहे.